बांगड्या भरलेल्या हातांचं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य, गावची जवान स्मारक समिती,
तसेच सरपंच आणि गावातले माजी सैनिक

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खटाव तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. ज्यांना उद्देशून लिहिलंय त्यांना कळेल. बाकीच्यांना आपलंच गाव वाटलं तर त्यात माझा दोष नाही.

स्मारकाच्या अनावरणाची तुमची कार्यक्रमपत्रिका परवा घरपोच मिळाली. कागद जाड, वर तिरंगा, मधे बंदूक उंचावलेला जवान. पुतळा साडेआठ फुटी, काळ्या ग्रॅनाइटवर नावं, आणि वेशीवर निवृत्त रणगाडा मिळावा म्हणून अर्जही केलाय म्हणे. खाली क्रम दिलाय. सकाळी नऊला ५१ सुवासिनींच्या हस्ते कलशपूजन आणि मिरवणूक. साडेदहाला मान्यवरांचं आगमन. मग भाषणं. भाषणं संपली तर 'वीरपत्नींचा शाल-श्रीफळ देऊन सन्मान'.

मी पत्रिका तीनदा वाचली. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला, त्यामुळे लाल पेन हातात नसलं तरी डोळे चुका शोधतात. शुद्धलेखनाच्या दोन सापडल्या, त्या सोडून देते. तिसरी सोडवत नाही. 'सुवासिनी' आणि 'वीरपत्नी' हे शब्द एकाच कागदावर छापताना कुणाचाच हात अडखळला नाही? ज्यांच्या नवऱ्यांसाठी हे स्मारक, त्यांनीच कलशाला हात लावायचा नाही. मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, नाव पुकारलं की उठायचं, शाल घ्यायची, फोटो झाला की परत बसायचं.

मागच्या महिन्यातल्या बैठकीत रणगाड्याचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "शेजारच्या गावानं तोफ आणली, आपण काय हातात बांगड्या भरल्यात का?" सगळे हसले. मी मागच्या रांगेत होते. माझ्या हातात बांगड्या होत्या.

आता तुमच्यातले काही म्हणतील, बाई निवृत्त झाल्या, पुस्तकं वाचायला लागल्या आणि फौजेच्या विरोधात गेल्या. तसं नाही. माझे वडील फौजेत, भाऊ फौजेत. दुष्काळी गावात आमच्या घरची चूल मनीऑर्डरवर पेटायची आणि माझ्या डी.एड.ची फी वडिलांच्या पेन्शनीतून भरली गेली. माण-खटावात पाऊस पडत असता तर आपल्यातल्या निम्म्या घरांनी पलटण पाहिलीही नसती, हे तुम्हीही जाणता. जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. ह्या गोष्टी मी पोरांना अभिमानानं शिकवल्यात. पण शिकवताना एक बाजू माझ्याकडून राहिली, आणि ती मला चांगली ठाऊक असलेली बाजू होती.

१९७१ साली मी सहावीत होते. अक्षर बरं, म्हणून वस्तीवरच्या चार-पाच घरांची पत्रं मी वाचायची आणि लिहायची. निळी आंतर्देशीय पत्रं. पत्त्यात गाव नाही, जिल्हा नाही, नुसतं पलटणीचं नाव आणि 'मार्फत ५६ ए.पी.ओ.', म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. माणूस कुठे आहे हे त्या पत्त्यावरून कळू नये, म्हणूनच तो तसा. मला तेव्हा वाटायचं, छप्पन ए.पी.ओ. हे काश्मीरकडचं एखादं मोठं शहर असावं.

पत्र लिहायचं ते ओसरीवर, सासूबाईंच्या समोर. त्या सांगत, मी लिहीत असे. "लिव्ह पोरी, हिकडं समदी खुशाल. म्हस व्याली, रेडी झाली. पैकं पोचलं. थोरल्याच्या पोरीचं जमतंय." सून दाराआड. तिच्या वाटणीला शेवटची दीड ओळ. तीही सासूबाईच सांगत, "तिचा नमस्कार लिव्ह." लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचं, म्हणजे पोरीनं आगाऊपणा करून काही घुसडलं नाही ना, ते कळे.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर अशीच एक सून मला विहिरीवर भेटली. एकोणीस वर्षांची असेल. घागर खाली ठेवली, इकडंतिकडं पाहिलं आणि कानात एक वाक्य सांगितलं. म्हणाली, "एवढं लिव्ह. म्हातारीला वाचून दावू नगंस." मी ते लिहिलं नाही. एक तर वाचून दाखवावं लागणार होतं, आणि दुसरं म्हणजे अकराव्या वर्षी मला त्या वाक्याची लाज वाटली होती. पत्र गेलं. म्हैस व्याल्याचं, रेडी झाल्याचं. डिसेंबरात तार आली. ती इंग्रजीत होती, गुरुजींनी वाचली.

तुमच्या यादीत ते नाव तिसरं आहे. तिला आपण सगळे आक्का म्हणतो. खुर्चीवर बसायला तिलाही बोलावणं गेलंय.

ह्या गोष्टीला नाव असतं, तिचा अभ्यास होतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. सिंथिया एन्लो नावाच्या अमेरिकन विदुषी आहेत. लष्करी तळ, कारखाने, वकिलाती, जिथे म्हणून राज्यकारभार आणि लढाईच्या गोष्टी चालतात तिथे जाऊन त्या एकच साधा प्रश्न विचारत आल्या आहेत: इथे बायका कुठे आहेत? प्रश्न ऐकायला बाळबोध वाटतो. पण आपल्या गावापुरतं उत्तर काढून बघा. जवान सीमेवर उभा राहतो, कारण त्याची शेती बायको बघते. त्याच्या आईबापाचं दुखणंखुपणं ती काढते. त्याचं पोर बापाला वर्षातून एकदा बघतं, आणि पहिले चार दिवस 'हा बाबा कोण?' म्हणून रडतं, त्याला समजावते तीच. ह्यातलं कुठलंही काम कुठल्याच सरकारच्या संरक्षण खर्चात येत नाही. फुकट मिळतं ते कोण मोजतंय? एन्लो आणि त्यांच्यासारख्या इतरांचं म्हणणं असं, की लष्करीकरणाचं मूळ केवळ छावणीत नसतं. ते ओसरीवर, शाळेत, लग्नाच्या बोलणीत, खेळण्याच्या दुकानात असतं. 'फौजी जावई' म्हटल्यावर हुंड्याचा आकडा कसा वाढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यादीतलं पहिलं नाव आमच्या भावकीतलं. पणजोबांचे थोरले भाऊ. आजी त्या लढाईला 'बसऱ्याची लढाई' म्हणायची. मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, कुतला वेढा पडला तेव्हा आत मराठा पलटणींचे लोक होते. उपासमार होऊन १९१६ च्या एप्रिलात इंग्रजांनी तिथे शरणागती पत्करली. हे थोरले पणजोबा वेढ्यात गेले की नंतर कैदेत, ते घरात कुणालाच कळलं नाही. त्यांच्या बायकोला वर्षभरानं धाकट्या दिराशी पाट लावून दिला. तिला कुणी विचारलं नव्हतं. पैसा आणि जमीन घरात राहावी, एवढाच हिशेब. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देणार असाल तर एक आठवण करून देते. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेनं पुनर्विवाह केला तर पदकाचा भत्ता बंद व्हायचा. चालू ठेवायचा असेल तर तिनं दिराशीच लग्न करावं, अशी अट आपल्या स्वतंत्र देशात होती. ती निघाली २०१७ मध्ये. शंभर वर्षांत सरकार आमच्या भावकीच्या पुढे गेलं नव्हतं.

त्याच महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलअखेर, हॉलंडमधल्या हेग शहरात बाराएक देशांच्या हजाराहून जास्त बायका जमल्या. त्यांचे भाऊ, नवरे, मुलगे एकमेकांवर गोळ्या झाडत होते, आणि ह्या एका सभागृहात बसून लढाई थांबवायचे मार्ग शोधत होत्या. ब्रिटनमधून निघालेल्या बहुतेकींना समुद्र ओलांडताच आला नाही, जहाजंच बंद ठेवली होती. अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या जेन ॲडम्स. ठराव करून त्या घरी गेल्या नाहीत. युरोपातल्या राजधान्यांमध्ये जाऊन मंत्र्यांना, पंतप्रधानांना भेटल्या. लढाई थांबली नाही. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली, बहुधा बांगड्यांच्या तोडीचंच काहीतरी तिकडच्या भाषेत म्हटलं असेल. ॲडम्सबाईंना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. मला मात्र वेगळंच वाटत राहतं. त्या सभागृहात आमच्या पणजीच्या जावेला खुर्ची असती, तर तिनं काय सांगितलं असतं? तिकडच्या बायकांनाही आपल्याकडच्या बायका तेव्हा दिसत नव्हत्या, हेही खरं.

भाषेवरून आठवलं. आपल्याकडे लढाईत माणूस मेला तर तो 'कामी आला' म्हणतात. कुणाच्या कामी, हे कुणी विचारत नाही. कॅरोल कोन नावाच्या एक संशोधक १९८४ साली अमेरिकेतल्या अणुयुद्धाची आखणी करणाऱ्या तज्ज्ञांमध्ये जाऊन राहिल्या आणि त्यांची भाषा शिकल्या. त्या भाषेत 'स्वच्छ बॉम्ब' असतात, आणि माणसं मरतात त्याला 'आनुषंगिक हानी' असं काहीतरी म्हणतात. त्यांचा अनुभव असा, की ही भाषा जितकी सफाईनं यायला लागली तितकं मेलेल्या माणसांविषयी विचारणं अवघड झालं, कारण त्या भाषेत शस्त्रांसाठी शब्द होते, माणसांसाठी नव्हते. तुमच्या पत्रिकेत 'शौर्य' सात वेळा आलाय. 'दुःख' एकदाही नाही. मी मोजलं.

उद्या कुणी म्हणेल, बायका मुळातच कोमल, त्यांना लढाई कशी झेपणार. असं मी म्हणतच नाही, आणि साताऱ्यात राहून तसं म्हणायची सोयही नाही. औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या ताराराणी आपल्याच. पत्री सरकारच्या काळात भूमिगतांना भाकरी, निरोप आणि हत्यारं पोचवणाऱ्या बायका ह्याच जिल्ह्यातल्या, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. बाईला बंदूक पेलते. प्रश्न पेलण्याचा नाही. सगळ्या गावाची इज्जत बंदुकीलाच का टांगायची, हा आहे.

ह्या विषयावर स्त्रीवाद्यांचं आपसात एकमत नाही, आणि मला ते बरं वाटतं. काही म्हणतात, फौजेत बायकांना बरोबरीनं घ्या, मग फौज बदलेल. दुसऱ्या म्हणतात, फौज बदलत नाही, बाई बदलते. आपल्या जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात गेले आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण घेऊन २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. त्यांना बघून माझी नात सकाळी पाचला ग्राउंडवर पळायला जाते. तिला मी कुठल्या तोंडानं थांबवू? थांबवत नाही. भाकरी डब्यात देते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी ह्याच साताऱ्यात राहिले, आणि फौजेनं त्या घरात शिक्षण आणलं, हे विसरून बोलणं म्हणजे पोट भरलेल्याचं बोलणं. ज्याला गावानं विहिरीवर चढू दिलं नाही त्याला गणवेशानं ताठ उभं केलं. आणि त्याच इंग्रजांनी पुढे महारांची भरती बंदही केली. गणवेश देणारा तो काढूनही घेतो.

हल्ली तर चार वर्षांनीच काढून घेतो. २०२२ पासूनच्या अग्निवीर भरतीत शंभरातले फार तर पंचवीस कायम होणार, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन परत, पेन्शन नाही. अकॅडमीची फी भरायला आमच्या आळीत दोन आयांनी गळ्यातलं मोडलं. त्यांच्या सोन्याचं नाव ग्रॅनाइटवर येणार नाही, पण हिशेबात तरी धरा.

आता जे लिहिते ते लिहिताना हात जड होतो. जुलै २००४ मध्ये मणिपुरात आसाम रायफल्सच्या जवानांनी थांगजम मनोरमा ह्या तरुणीला रात्री घरातून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. चार दिवसांनी इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात, जिथे त्या दलाचं ठाणं होतं, बारा बायका उभ्या राहिल्या. वयानं आया, आज्या. त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले आणि ओरडून सांगितलं, आता आमच्यावरही बलात्कार करा. माझा भाऊ त्याआधी काही वर्षं त्या भागात नोकरीला होता. टीव्हीवर बातमी बघताना तो उठून अंगणात गेला. मी मागे गेले. बराच वेळ म्हैस धुवत बसला. मग म्हणाला, "ताई, तिथल्या म्हाताऱ्या रात्रभर मशाली घेऊन जाग्या असायच्या. आम्ही त्यांना घाबरायचो. आम्ही एवढे बंदुका घेऊन." पुढे त्या वर्षाअखेर कांगला राज्य सरकारच्या हवाली झाला. भाऊ चांगला माणूस आहे, तुमच्या समितीत आहे, आणि हे मी लिहिणार हे त्याला सांगून लिहितेय. तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. आपल्या पोरांना आपण अशा जागी उभं करतो जिथे म्हाताऱ्या त्यांना घाबरतात आणि ते म्हाताऱ्यांना. ह्यात पोरांचं काय होतं, हाही बायकांनीच विचारायचा प्रश्न झालाय, कारण पोरं पुढे आमच्याच घरात दारू पिऊन गप्प बसतात.

रणगाड्याचं थोडं. इंग्लंडात ग्रीनहॅम कॉमन नावाचा हवाई तळ होता. तिथे अमेरिकेची ९६ अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं येणार होती. १९८१ मध्ये वेल्समधल्या काही बायका चालत तिथे गेल्या आणि कुंपणाबाहेर राहिल्याच. चिखल, थंडी, पोलीस, अटक. पुढच्या वर्षी डिसेंबरात तीसेक हजार बायकांनी हात धरून चौदा किलोमीटरच्या त्या कुंपणाला वेढा घातला आणि तारांना लहान मुलांचे कपडे, फोटो, लोकरीचे मोजे अडकवले. क्षेपणास्त्रं तरी आलीच. पण महासत्तांचा करार झाला आणि १९९१ पर्यंत ती परतही गेली. काही बायका २००० सालापर्यंत तिथे होत्या. श्रेय कुणाचं ह्यावर विद्वान भांडोत. एका कुंपणावर काय टांगलेलं शोभतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

आणि हे सगळं परदेशातलंच, असं नाही. कारगिलची राख गरम असताना, २००० साली, बायकांची एक बस दिल्लीहून लाहोरला गेली. नेतृत्व निर्मला देशपांडेंचं, जन्मानं नागपूरच्या. त्यांनाही बांगड्यांचा आहेर झालाच असणार.

बांगड्यांचंच बोलून संपवते. नवरा मेला की बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ते आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल. काढा. बांगडी भरणं म्हणजे भित्रेपणा आणि बांगडी फुटणं म्हणजे वीरपत्नी होणं, असं दोन्हीकडून आमचं मनगट तुम्ही वापरता. एक काहीतरी ठरवा.

माझं मागणं मोठं नाही. पत्रिका पुन्हा छापा, 'सुवासिनी' काढून नुसतं 'महिला' लिहा, आणि पहिले कलश गावच्या चार वीरपत्नींच्या हातात द्या. ग्रॅनाइटवर प्रत्येक नावाखाली त्याच्या आईचं आणि बायकोचं नाव कोरा. दगड मोठा घ्यावा लागेल, तर पुतळा दीड फुटानं कमी करा. रणगाड्याच्या चौथऱ्याला धरलेल्या पैशात पार बांधा, लिंब लावा. तिथे भरतीची पोरं-पोरी पळून आल्यावर बसतील.

माझ्या ट्रंकेत त्या काळची चौदा पत्रं आहेत. ज्यांची, त्यांना विचारून स्मारकाला द्यायला तयार आहे. पण अनावरणाआधी महिला ग्रामसभा घ्या. कायद्यानं ती घ्यावीच लागते, आपल्याकडे नुसत्या सह्या फिरवतात. त्या सभेत पत्रं वाचू, आणि १९७१ साली जे मी लिहिलं नाही ते आक्का स्वतः सांगायला तयार आहे. मी तिला विचारलं, इथे लिहू का? म्हणाली, "तू नगं. तू म्हशीचंच लिवशील."

सभा सकाळी ठेवा. दुपारनंतर तिला ऐकू कमी येतं.

तुमची,
वस्तीवरची बाई
(निवृत्त शिक्षिका, एका फौजीची मुलगी, एकाची बहीण)